दोरी ओढली की मशीन थांबलंच पाहिजे

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्या गोव्यातल्या चोपड्याच्या काठावरच्या होड्या माडांखाली ओढून झाकल्या जातात आणि त्यांची मशिनं माझ्या पडवीत येऊन उभी राहतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरांना बंदी असते. छोट्या होडीवाल्यांनाही त्या दिवसांत शापोरा नदीचं मुख सहसा ओलांडवत नाही, म्हणून दुरुस्तीचा हाच हंगाम. आलेल्या मशीनचं झाकण काढायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो. किल स्विचची क्लिप जागेवर आहे का? ही क्लिप दोरीनं चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची असते; तो पाण्यात पडला की दोरी क्लिप ओढून काढते आणि स्विच मशीन बंद करतो. बहुतेक वेळा क्लिपच्या जागी भलतंच काहीतरी अडकवलेलं सापडतं: नायलॉनच्या दोरीचा वेढा, तेलाच्या डब्याचा कापलेला तुकडा, एकदा तर कंगव्याचे दोन दात. मशीन त्याच्यावर चालतं. थांबायचं तेवढं विसरून जातं.

टिलर, म्हणजे वळवायचा दांडा, हातात धरून चालवायचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, मोकळं सोडलं की सरळ जात नाही. पंख्याच्या फिरण्याचा ओढा मशीनला एका अंगाला वळवतो आणि होडी गिरक्या घ्यायला लागते. पडलेला माणूस नेमका त्या गिरकीच्या आसपास असतो, आणि होडी फिरून त्याच्यावरच येते. इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर असेल आणि खालचा गिअर साधारण दोनास एक असेल, तर पंखा सेकंदाला चाळीस वेळा फिरतो. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी इथे काय करणार?

काही वर्षांपूर्वी मुखावरच्या वाळूच्या बांधाजवळ माझ्या ओळखीच्या एका होडीवाल्याला लाटेनं मागून उचलून बाहेर टाकलं. भाचा पुढे नाळेकडे जाळं आवरत होता. तो जाळ्यावरून सरपटत मागे आला आणि कसाबसा चोक ओढून त्यानं मशीन गुदमरवलं. मामा वाचला, पोटरीवर अठरा टाके पडले. क्लिप मशीनला लावलेली होती, पण तिची दोरी डब्यात गुंडाळून ठेवलेली. नंतर ते मशीन माझ्याकडे आलं तेव्हा मी स्विच उघडला. आतली वायर हिरवी होऊन केव्हाच तुटून गेली होती. दोरी मांडीला बांधलेली असती तरी मशीन थांबलं नसतं, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रोज चालू करताना काही अडत नव्हतं.

या लेखाला कारण झाली ती ही तुटलेली वायर.

आधी प्रकार ओळखा

पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं, आणि ठिणगी थांबवायच्या दोन उलट्या रीती आहेत. कुठला स्विच घ्यायचा, तो कुठे जोडायचा, तो बिघडला तर काय होईल, हे सगळं इंजिनात यांपैकी कुठली रीत आहे यावर ठरतं.

पहिली रीत अर्थ करून, म्हणजे वीज इंजिनाच्या धातूच्या बॉडीला देऊन, मारण्याची. फ्लायव्हीलमधली, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातली, चुंबकं कॉईलसमोरून फिरतात आणि वीज तिथेच तयार होते. जुन्या मशीनमध्ये ती उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधून जाते, नंतरच्यांत सीडीआयच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या, डब्यातून. बॅटरीची गरजच नाही. वीज घरचीच असल्यामुळे ती बाहेरून तोडता येत नाही, म्हणून ती बॉडीकडे वळवतात. सीडीआयमधून किंवा कॉईलमधून एक वायर बाहेर काढलेली असते, तीच स्टॉप वायर. ती बॉडीला टेकली की वीज प्लगकडे जायच्या ऐवजी जमिनीला मिळते आणि ठिणगी मरते. मशीन चालू असताना हा स्विच आतून उघडा असतो, थांबवताना जुळतो. आपल्याकडच्या होड्यांवरची हातानं दोरी ओढून सुरू करायची मशिनं या प्रकारातली असतात. काजूच्या डोंगरावर चालतात ते ग्रासकटरही तसलेच.

दुसरी रीत पुरवठा तोडण्याची. बॅटरीचे १२ व्होल्ट चावीतून कॉईलला जातात आणि मध्ये कुठेतरी वायर तोडली की ठिणगी बंद. जुनी पेट्रोल जीप, बॅटरीवर ठिणगी देणारी मोटरसायकल, या साऱ्या इथे येतात. चालू असताना स्विच जुळलेला, थांबवताना उघडा.

आता फरक बघा. दुसऱ्या प्रकारात स्विचची वायर तुटली तर गाडी बंद पडते. तुम्ही वैतागता, शोधता, दुरुस्त करता. पहिल्या प्रकारात तीच वायर तुटली तर काहीही होत नाही. मशीन पहिल्यासारखंच गोड चालतं. हा स्विच बिघडताना बोलत नाही, म्हणून त्याला रोज बोलतं करावं लागतं. कसं, ते चाचणीच्या वेळी सांगतो.

इथे एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. होडीत बॅटरी दिसली म्हणून इंजिन दुसऱ्या प्रकारातलं असं धरून चालू नका. कित्येक आउटबोर्डना सेल्फ स्टार्टरसाठी आणि दिव्यांसाठी बॅटरी असते, ठिणगी मात्र फ्लायव्हीलचीच. अशा मशीनच्या स्टॉप वायरला बारा व्होल्ट लागले तर सीडीआय जळतो. मी असा एक जाळलेला आहे, दुसऱ्याच्या मशीनचा, आणि पदरचे पैसे भरून दिलेला आहे.

फ्युएल इंजेक्शनची नवी फोर स्ट्रोक मशिनं घेऊन कुणी आलं तर मी कात्री बाजूला ठेवतो. त्यांना कंपनीचा दोरीचा स्विच आधीच असतो. बिघडला असेल तर तोच, त्याच मापाचा बदलून घ्यावा. वायरिंग कापलं की वॉरंटीही गेली.

काय काय लागेल

स्विच होडीसाठीचा घ्या, दोरी आणि क्लिपसकट. दुकानदाराला सांगायचं, मॅग्नेटोसाठी (म्हणजे फ्लायव्हीलच्या विजेवरच्या मशीनसाठी), क्लिप काढल्यावर जुळणारा. तो मान हलवेल आणि हाताला येईल तो देईल, म्हणून मल्टिमीटर बरोबर न्या. दुकानात माझ्यावर हसतात, हसू देत. मीटर बीपवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा. क्लिप आत असताना गप्प, क्लिप ओढताच बीप: हा आपला. उलटं वाजलं तर तो बॅटरीवाल्या इंजिनाचा. काही स्विचना तीन-चार टोकं असतात आणि त्यांवर एनओ (एरवी उघडा), एनसी (एरवी जुळलेला) असं कोरलेलं असतं. पण ते क्लिप आत असतानाचं की बाहेर असतानाचं, यात बनवणाऱ्यांचंही एकमत नसतं. मीटर सांगेल ते खरं. सुरुवातीच्या दिवसांत मी न तपासता एक स्विच आणून बसवला होता. ते मशीन क्लिप काढल्यावर चालायचं आणि लावल्यावर बंद पडायचं. काठावरची पोरं आजही त्याची आठवण काढतात.

स्विच घेतानाच जादा क्लिप घ्या. एक नव्हे, दोन.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, कथलाचा मुलामा दिलेली. घरातल्या वायरिंगची एकतारी वायर अजिबात नको. मशीनच्या थरथरीनं ती आतल्या आत मोडते आणि वरून धडधाकट दिसते. मुलाम्याची वायर महाग पडते खरी, पण साधं तांबं आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात काळं पडतं आणि इन्सुलेशनच्या आत हातभर सडत जातं. मुलाम्याची नाहीच मिळाली तर साधी वापरा, पण मग दर वर्षी बदलायची तयारी ठेवा.

याशिवाय वायरी जोडायला-सोडवायला बुलेट कनेक्टर, बॉडीला लावायला गोल लग (वायरीच्या टोकावर चेपायची कडी), दात असलेला वॉशर, आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, भोकाच्या कडेला वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, केबल टाय, सिलिकॉन ग्रीस. आणि क्रिम्पिंगची, म्हणजे लग वायरीवर चेपायची, पक्कड. साध्या पकडीनं चेपलेला लग हा लग नव्हे.

सोल्डर करावं की क्रिम्प, यावर काठावर वाद होतात. मी क्रिम्पच्या बाजूचा. कथील वायरच्या तारांत झिरपून तेवढा भाग कडक करतं, आणि कडक भाग संपतो तिथेच वायर हादऱ्यांनी तुटते. घरातल्या रेडिओला सोल्डर उत्तम, मशीनला नाही. आणि वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं, ह्याबद्दल काय लिहू? ती टेप उन्हात चिकट होऊन सुटते आणि खारं पाणी धरून ठेवते.

स्टॉप वायर शोधणं

पेट्रोलची नळी मशीनपासून काढा, टाकी दूर ठेवा. मशीन स्टँडवर किंवा मागच्या फळीवर घट्ट उभं करा. प्लगची कॅप काढून ठेवा, म्हणजे फ्लायव्हील चुकून फिरलं तरी मशीन सुरू होणार नाही.

झाकण काढल्यावर आधीपासून असलेलं स्टॉप बटण बघा. त्यातून दोन वायरी निघतात. एक बॉडीला गेलेली असते, दुसरी सीडीआयच्या डब्याकडे किंवा फ्लायव्हीलच्या खाली. ही दुसरी आपली. यामाहाच्या मशिनांवर स्टॉप वायर पांढरी आणि अर्थ काळी असते. मर्क्युरीवर काळ्यावर पिवळी रेघ, तोहात्सूवर तपकिरी. पण हे रंग मूळ वायरिंगचे. आपल्याकडचं मशीन तीन मेकॅनिकांच्या हातून गेलेलं असतं आणि प्रत्येकानं हाताला येईल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. म्हणून रंगावर विसंबू नका, मीटर लावा.

एक टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, दुसरं संशयित वायरीला. बटण दाबलं की आकडा शून्याजवळ यायला हवा. सोडलं की शून्यापासून दूर जायला हवा. तो अनंत दाखवेलच असं नाही, कारण ती वायर आत कॉईलशी जोडलेली असते आणि कॉईलचा स्वतःचा काही ओहमचा आकडा असतो. दाबल्यावर आणि सोडल्यावर स्पष्ट फरक पडला म्हणजे वायर सापडली. हे सगळं मशीन बंद असताना. चालत्या मशीनच्या स्टॉप वायरला हात लावू नका. सीडीआयच्या मशीनमध्ये तिथे शंभराच्या पलीकडे व्होल्ट असतात, आणि ओल्या पायांनी उभ्या माणसाला ते चांगलंच हाणतात.

जोडणी

स्विच कुठे बसवायचा यावर मी वायरिंगपेक्षा जास्त वेळ घालवतो. टिलर धरून बसल्यावर दोरी सहज लागली पाहिजे, जाळं ओढताना अडकली नाही पाहिजे, आणि पाठीमागून आलेली लाट थेट स्विचवर नाही पडली पाहिजे. बहुतेक मशीनवर झाकणाखालच्या पॅनची (झाकण ज्यावर बसतं त्या तळाच्या भागाची) समोरची बाजू बरी पडते, टिलरच्या मुळाशी. टिलरच्या दांड्यावर पट्टी मारूनही बसवता येतो. मागच्या फळीवर नको, तिथूनच जाळं घसटत जातं. मालकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा, हातात दोरीचा तुकडा द्या आणि जाळं टाकायचं, ओढायचं सोंग करायला सांगा. अशा वेळी मालक लाजतो, पण जागा बरोबर सापडते.

भोक पाडण्याआधी आतून हात घालून बघा, पलीकडे कार्बोरेटर आहे की फ्लायव्हील. स्विचच्या मानेचं माप घ्या, एक मिलिमीटर लहान भोक पाडा आणि कानशीनं वाढवा. धातू असेल तर उघड्या कडेला रंगाचा हात द्या, नाहीतर तिथून गंज सुरू होतो. स्विच बसवून आतून नट घट्ट करा. रबरी वॉशर बाहेरच्या बाजूला.

आता वायरी. या स्विचला उलटसुलट नाही, दोन्ही टोकं सारखीच. एक वायर स्टॉप वायरीकडे, दुसरी बॉडीला.

स्टॉप वायर कापू नका. जुन्या बटणाजवळ बुलेट कनेक्टर असतोच. तो सोडवून मध्ये दोन तोंडांचा जोड घाला, म्हणजे जुनं बटणही चालू राहील आणि नवा स्विचही. अर्थ करून मारायच्या रीतीत सगळे स्विच असे समांतर लागतात, कुणीही एक जुळला की मशीन बंद. पुरवठा तोडायच्या रीतीत याच्या उलट, एकामागे एक, माळेसारखे. हे उलट झालं की काय होतं ते सोपं आहे: बॅटरीवाल्या गाडीत दोन स्विच समांतर लावले तर दोन्ही एकदम तोडल्याशिवाय गाडी थांबत नाही.

बॉडीची वायर इंजिनाच्या ब्लॉकला जायला हवी. होडी लाकडाची किंवा फायबरची, तिला अर्थ नाही. क्लॅम्पलाही लावू नका, मध्ये रबराचे बुश असतात. ब्लॉकवरचा एखादा सहा मिलिमीटरचा बोल्ट शोधा, त्याखालचा रंग चमक येईपर्यंत खरवडा, दाती वॉशर, लग, बोल्ट, आणि वरून ग्रीस. मी पाहिलेल्या निकामी स्विचांत स्विच स्वतः क्वचित दोषी असतो. दोष असतो रंगावरच आवळलेल्या लगचा.

वायर सोलताना सहा-सात मिलिमीटर, त्याहून जास्त नको. हीट श्रिंकचा तुकडा वायरीत आधी ओवून घ्या. हे मी लिहितोय कारण लग चेपून झाल्यावर नळी टेबलावरच राहिलेली माझ्या आजही लक्षात येते. चेपल्यावर जोरानं ओढा. निसटला तर आत्ताच निसटलेला बरा. नळी गरम करायला लायटर वापरणार असाल तर अंगणात जा. मशीनच्या पोटात पेट्रोलची वाफ राहिलेली असते.

पॅनमधून वायर बाहेर येते तिथे ग्रोमेट हवंच. वायरीला स्विचच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकेल, स्विचमध्ये शिरणार नाही. मशीन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा, वर उचला, खाली सोडा. कुठल्याही स्थितीत वायर ताणता कामा नये, आणि सुटी राहून फ्लायव्हीलला लागता कामा नये. मग केबल टाय. फार आवळू नका, इन्सुलेशनला खाच पडते.

चाचणी, आणि ती रोजची

पहिली चाचणी मीटरची. क्लिप काढली की स्टॉप वायर ते ब्लॉक, शून्याजवळ. क्लिप लावली की दूर.

दुसरी ठिणगीची. प्लग काढा, कॅपला लावून त्याची धातूची बाजू ब्लॉकला पक्की टेकवा, भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि ठिणगी तर तुम्ही मुद्दाम पाडता आहात. कॅप लोंबती ठेवून दोरी ओढू नका, मोकळ्या सुटलेल्या दाबानं सीडीआय जाऊ शकतो. सावलीत स्टार्टरची दोरी ओढा. क्लिप लावलेली असताना निळी ठिणगी, काढलेली असताना काहीच नाही.

तिसरी चालत्या मशीनची. पंखा काढून ठेवा आणि मशीन पाण्याच्या पिंपात उभं करा, पाणी पंपाच्या वरपर्यंत. कोरडं चालवलं तर पंपाचं रबर अर्ध्या मिनिटात जातं. मंद गतीवर क्लिप ओढा. दोनेक सेकंदांत मशीन गप्प व्हायला हवं. मग क्लिप न लावता स्टार्टर ओढा, ते सुरू होता कामा नये. शेवटी, पंखा चढवून, नदीत, शांत पाण्यात, हळू वेगात पुन्हा एकदा. पूर्ण वेगात करू नका. होडी एकदम बसते आणि मागची तिचीच लाट फळीवरून आत येते.

इथवर बसवणाऱ्याचं काम. पुढचं चालवणाऱ्याचं: रोज सकाळी काठावर मशीन सुरू केल्यावर ते पहिल्यांदा बटणानं नव्हे, क्लिप ओढून बंद करायचं. मग परत सुरू करून निघायचं. एक जादा दोरी ओढावी लागते म्हणून लोक कुरकुरतात. माझ्याकडे एक म्हातारे तांडेल येतात, ते म्हणाले, "बाब, पहाटे चारला एकदा चालू झालेलं मशीन मी मुद्दाम बंद करू?" मी त्यांना तो हिरवा पडलेला जुना स्विच दाखवला. तो मी खिडकीत ठेवला आहे, त्यासाठीच.

बिघाड झाला तर

नवा स्विच लावल्यावर मशीन सुरूच होत नसेल तर आधी बुलेट कनेक्टर सोडवून नवी वायर वेगळी करा. सुरू झालं तर दोष नव्या जोडणीत: क्लिप पूर्ण बसली नाही, किंवा वायर कुठेतरी चेपून बॉडीला लागली. तरीही सुरू झालं नाही तर दोष आधीचाच आहे, स्विचला शिव्या देऊ नका.

पावसात किंवा लाटेनंतरच मशीन अडखळत असेल तर स्विचमध्ये खारं पाणी शिरलंय. मीठ अर्धवट अर्थ करतं, ठिणगी पूर्ण मरत नाही, पण अशक्त होते. क्लिप लावलेली असताना स्विच वेगळा करून मीटर लावा. चांगल्या स्विचमध्ये अनंत यायला हवं, काही हजार ओहम दिसले तर तो बदला. गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, ग्रीस भरून घरी परत येण्यापुरतं काम भागतं.

वळताना किंवा आपटताना क्षणभर मशीन बंद पडून परत चालू होत असेल तर वायरीची कातडी कुठेतरी घासली गेली आहे. ग्रोमेट बघा.

आणि क्लिप ओढूनही थांबत नसेल तर? चोक पूर्ण ओढा. गुदमरून थांबेल. पेट्रोलची नळी काढणं हा तातडीचा उपाय नव्हे, कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं इंधन संपेपर्यंत मशीन चालत राहतं.

जीपवाले आणि ट्रॉलरवाले

सत्तरी तालुक्याच्या बाजूचा एक जण जुन्या पेट्रोल जीपला असा स्विच लावायला आला होता, पावसात ओहोळांतून गाडी घालण्यासाठी. तिथे चावीकडून कॉईलच्या धन टोकाला जाणारी वायर तोडून मध्ये जुळलेला स्विच घालायचा. कॉईल काही अँपिअर ओढते, तेव्हा स्विच तेवढा दमदार हवा. बॅटरीची मोठी वायर तोडणारा मुख्य स्विच लावायचा असेल तर लक्षात ठेवा, चालत्या इंजिनात नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटर कॉईलला वीज देत राहतो आणि गाडी थांबतच नाही. वर अल्टरनेटरचे डायोडही जायची भीती. त्यासाठी शर्यतीच्या गाड्यांत सहा टोकांचा स्विच वापरतात. तो बॅटरी आणि कॉईल एकदम तोडतो आणि अल्टरनेटरची उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये जिरवतो.

ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला ठिणगीच नाही, तेव्हा यातलं काहीच लागू नाही. ते इंधन किंवा हवा तोडूनच थांबतं.

दोरी कुठे बांधायची

दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, ताणल्यावर साधारण सव्वा-दीड मीटर होणारी. लाइफ जॅकेटच्या कडीला किंवा मांडीला. मनगटाला बांधली तर जाळं टाकताना अडकते, आणि मुखावरच्या लाटांत नको तेव्हा मशीन बंद पडणं हाही धोकाच आहे. होडीवाल्यांची ही तक्रार खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. जाळं ओढायला उठताना मशीन तसंही बंद किंवा न्यूट्रल असतं, तेव्हा क्लिप काढा. टिलरला बसलात की लावा. मुख ओलांडताना तर लावाच. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींवर वेगात जाताना हे कायद्यानं बंधनकारक आहे, ३ हॉर्सपॉवर आणि त्यावरच्या मशीनला. आपल्या कित्येक होड्या त्या मापात बसतात.

जादा क्लिप का घ्यायची ते आता सांगतो. माणूस पडला, दोरी ओढली गेली, मशीन थांबलं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. पण क्लिप कुठे आहे? पाण्यात, पडलेल्या माणसाच्या मांडीला. होडीत राहिलेला भाचा आता मशीन सुरू करू शकत नाही, आणि ओहोटीचा ओढ होडीला दर्याकडे नेतो आहे. म्हणून दुसरी क्लिप होडीतच, पुढच्या फळीखाली खिळ्याला, लाल कापडाचा तुकडा लावून टांगलेली असते, आणि होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे आहे आणि कशी बसते हे एकदा हातानं करून दाखवलेलं असतं. तिसरी क्लिप घरी, गणपतीच्या कोनाड्यात ठेवा की आणखी कुठे. पण होडीतली हरवली तर त्या दिवशी कंगवा वापरायची वेळ येऊ नये.